ठासणीची रायफल: हौस, हिशेब आणि खबरदारी

अमेरिकेत येऊन वीस-तीस वर्षे झालेल्या आपल्या मंडळींचे छंद आता पोस्टाची तिकिटे आणि नाणी यांपुरते राहिलेले नाहीत. कुणी जुने कॅमेरे जमवतो, कुणी भिंतीवरची घड्याळे. ऑफिसातल्या अमेरिकन मित्रांच्या संगतीने काही जण ठासणीच्या बंदुकांकडेही वळले आहेत. कोकणात वाढलेल्यांना हा शब्द परका नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर गोळी ठेवायची आणि लाकडी गजाने ती तळापर्यंत ठासायची, म्हणून ती ठासणीची बंदूक. अमेरिकेत शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा जुन्या रायफलींच्या प्रतिकृती मुख्यतः इटली आणि स्पेनमधून येतात, आणि नव्या-जुन्या मिळून त्यांचा इथे मोठा बाजार आहे.

या सदरात हा विषय घेण्याचे कारण असे की त्यात पैसा आणि प्रकृती दोन्ही गुंतलेली आहेत. पाचशे डॉलरची वस्तू पाच हजारांना गळ्यात पडू शकते. शंभर डॉलरची म्हणून आणलेली वस्तू हातात फुटू शकते. या दोन्ही आपत्ती टाळण्याचा उपाय एकच आहे. प्रतिकृतीची किंमत तिच्या पितळी नक्षीवर किंवा विकणाऱ्याच्या गोष्टीवर ठरवू नका. नळीच्या खालच्या बाजूचे शिक्के वाचा, नळीच्या आत पाहा आणि मगच पाकिटाला हात घाला.

या प्रतिकृती आल्या कुठून?

१९५०च्या दशकात अमेरिकेत जुन्या बंदुका चालवण्याची हौस वाढली, पण अस्सल जुना माल महाग आणि बेभरवशाचा होता. टेनेसीतल्या युनियन सिटीचे टर्नर कर्कलंड यांची डिक्सी गन वर्क्स आणि न्यू जर्सीतले व्हॅल फोर्जेट यांची नेव्ही आर्म्स या दोन कंपन्यांनी युरोपातून नव्याने बनवलेला माल आणायला सुरुवात केली. इटलीतल्या ब्रेशा शहराच्या उत्तरेला गार्दोने व्हाल त्रोम्पिया नावाचे गाव आहे. तिथे कित्येक शतके बंदुका बनतात. पेदेर्सोली (स्थापना १९५७), उबेर्टी (स्थापना १९५९), इन्व्हेस्टआर्म ही नावे त्याच परिसरातली. स्पेनमधला माल प्रामुख्याने बास्क भागातून येतो.

१९६१ ते १९६५ या काळात अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी झाली, १९७६ मध्ये स्वातंत्र्याची द्विशताब्दी झाली, आणि मध्ये १९७२ साली रॉबर्ट रेडफर्डचा ‘जेरमाया जॉन्सन’ हा चित्रपट आला. त्यातल्या डोंगरात राहणाऱ्या शिकाऱ्याच्या हातात हॉकन रायफल असते. सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युअल हॉकन या भावांच्या या आखूड, जाड नळीच्या रायफलीला त्यानंतर अशी मागणी आली की जो तो आपल्या मालाला ‘हॉकन’ म्हणू लागला. त्यामुळे बाजारात हॉकन नावाच्या असंख्य रायफली दिसतात. त्यांतल्या बऱ्याच मूळ हॉकनशी फारसे साम्य नसलेल्या, पितळेच्या झळझळीत जोडकामाच्या आहेत. मूळ हॉकनचे जोडकाम बहुधा लोखंडी आणि साधे असे. इन्व्हेस्टआर्मने लायमन कंपनीसाठी बनवलेली ‘ग्रेट प्लेन्स रायफल’ मूळच्या बरीच जवळ जाते, म्हणून जाणकारांत तिला मान आहे.

हॉकनखेरीज लांब नळीची पेनसिल्व्हेनिया किंवा केंटकी रायफल, तिची आजी शोभेल अशी जर्मन येगर रायफल, आणि इंग्लिश पद्धतीची दूरच्या निशाणाची गिब्ज रायफल यांच्याही प्रतिकृती मिळतात. पेटवण्याच्या पद्धती दोन. एकीत चकमकीचा दगड पोलादावर घासून ठिणगी पडते. दुसरीत तांब्याची छोटी टोपी, म्हणजे केप, घोड्याच्या आघाताने पेटते. पेनसिल्व्हेनियात १९७४पासून हरणाच्या शिकारीचा एक खास हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखलेला आहे. त्यामुळे त्या राज्यात चांगल्या चकमकीच्या रायफलीला गिऱ्हाईक सहज मिळते.

सर्वांत आधी: बार भरलेला आहे का?

ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. वर्षानुवर्षे तळघरात पडलेल्या रायफलीतही दारू जिवंत असू शकते. म्हणून दुकानात, गराज सेलमध्ये किंवा मित्राच्या घरी, कुठेही रायफल हातात घेतली की पहिले काम हेच. नळीचे तोंड आपल्यापासून आणि इतरांपासून दूर धरा. घोड्याखाली केप नाही, किंवा चकमकीची असल्यास कानापाशी दारू नाही, हे पाहा. मग गज नळीत हलकेच तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी बोटाने खूण धरा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या अंगाला लावा. गजाचे टोक जवळजवळ केपेच्या खुंटीपर्यंत किंवा कानापर्यंत पोचले तर नळी रिकामी आहे. दीड-दोन इंच अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे असे समजा, रायफल खाली ठेवा आणि माहितगार बंदूक-कारागिराला बोलवा. घरच्या घरी ते उकरून काढायला जाऊ नका.

नळी उलटी करा, शिक्के वाचा

हॉकन छापाच्या रायफलीची नळी मागे एका आकड्यात अडकवलेली असते आणि पुढे लाकडातून आडवी पाचर घालून धरलेली असते. पाचर बाहेर ढकलली की नळी वर उचलून निघते. मालकाची परवानगी घेऊन एवढे कराच, कारण वस्तूची जन्मपत्रिका बऱ्याचदा खालच्या बाजूला असते.

इटलीत बनलेली प्रत्येक नळी सरकारमान्य चाचणीघरात जादा बार भरून तपासली जाते. गार्दोनेच्या चाचणीघराचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली ढाल आणि शस्त्रांचे चिन्ह. काळ्या दारूसाठी तपासलेल्या नळीवर ताऱ्याखाली ‘पी एन’ ही अक्षरे असतात. ही इटालियन भाषेतल्या ‘काळी दारू’ या शब्दांची आद्याक्षरे. शेजारी एका चौकटीत दोन रोमन अक्षरे दिसतील. ते चाचणीचे साल. ‘ए ए’ म्हणजे १९७५, ‘ए झेड’ म्हणजे १९९०, ‘बी ए’ म्हणजे १९९१, ‘बी झेड’ म्हणजे २००५ आणि ‘सी ए’ म्हणजे २००६. मधली काही अक्षरे वगळलेली असल्याने बोटांवर मोजून साल काढू नका, छापील तक्ता पाहा. १९७५च्या आधीच्या मालावर बहुधा रोमन आकड्यांतले साल असते. स्पॅनिश मालावर एबार गावच्या चाचणीघराचा आणि इंग्लिश मालावर लंडनचा किंवा बर्मिंगहॅमचा शिक्का असतो.

या शिक्क्यांचे दोन उपयोग आहेत. पहिला सुरक्षिततेचा. दुसरा, फसवणूक ओळखण्याचा. अस्सल हॉकन लिलावात पाच आकडी डॉलरला जाते. त्यामुळे नव्या प्रतिकृतीवर गंज चढवून, शिक्के कानशीने घासून तिला ‘आजोबांची रायफल’ म्हणून विकण्याचा मोह काहींना होतो. नळीच्या एकाच जागी धातू खोलगट किंवा जास्त गुळगुळीत दिसला, किंवा जुन्या म्हणवणाऱ्या रायफलीत मेट्रिक आट्यांचे स्क्रू निघाले, तर गोष्ट कितीही रसाळ असली तरी नमस्कार करून निघावे.

शिक्क्याने भावही बदलतो. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने व्हिटवर्थ रायफलीची षट्कोनी छिद्राची सुरेख प्रतिकृती बनवली. पुढे त्याच नावाचा माल इटलीतही तयार झाला. संग्राहक बर्मिंगहॅमच्या शिक्क्याला अधिक पैसे मोजतात. पाटीवरचे नाव एकच आणि किंमत वेगळी, ती या बारीक खुणेमुळे.

अमेरिकेत असे सक्तीचे सरकारी चाचणीघर नाही. इथले कारखानदार आपापली तपासणी करतात. भारतातूनही ठासणीच्या बंदुकांच्या प्रतिकृती अमेरिकेत येतात. बहुतेक त्या लष्करी बंदुकांच्या असतात आणि कित्येकदा कान न पाडता, शोभेची वस्तू म्हणून येतात. मग इथला विक्रेता कान पाडून त्या विकतो. आपल्या देशचा माल म्हणून जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या नळीवर कुठल्याही चाचणीघराचा शिक्का नाही आणि ज्या विक्रेत्याकडे चाचणीचा कागद नाही, ती बंदूक भिंतीवरच शोभते. तिच्यात बार भरू नये.

नळी, घोडा, दस्ता: क्रमाने पाहणी

नळीचे तोंड पाहून फसू नका. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढून घेते. त्याच दिवशी साबणाच्या गरम पाण्याने नळी धुतली नाही तर आत गंज धरतो, आणि तो सर्वांत जास्त तळाशी, जिथे बार बसतो तिथे. नळीत बारीक दिवा सोडून आटे तळापर्यंत स्वच्छ आणि धारदार दिसतात का पाहा. गजाला घट्ट बसणारी स्वच्छ चिंधी लावून ती सावकाश आतबाहेर करा. एखाद्या जागी ती एकदम सैल पडली किंवा खरखरली तर तिथे नळी खाल्ली गेली आहे. चिंधीवर थोडी तांबूस धूळ आली तर ती साफ होऊ शकते. चिंधीचे धागे निघाले तर खड्डे आहेत, आणि खड्डे भरून येत नाहीत.

आट्यांचा पीळही विचारून घ्या. साठ इंचांत एक फेरा घेणारा संथ पीळ गोल गोळीसाठी. बत्तीस इंचांत एक फेरा घेणारा जलद पीळ लांबट गोळीसाठी. अठ्ठेचाळीस इंचांचा मधला पीळ दोन्ही बऱ्यापैकी चालवतो. ग्रेट प्लेन्स रायफल साठ इंचांच्या पिळात आणि तिचीच ‘हंटर’ आवृत्ती बत्तीस इंचांच्या पिळात बनली. दिसायला दोघी बहिणी, पण ज्याला गोल गोळी मारायची त्याला दुसरी उपयोगाची नाही.

केप ज्या पोकळ खुंटीवर बसते तिला निपल म्हणतात. युरोपियन मालात तिचे आटे बहुधा मेट्रिक असतात, सहा मिलिमीटर व्यासाचे. काही अमेरिकन रायफलींत ते पाव इंचाचे असतात. दोन्ही इतके जवळचे की जोर लावला तर चुकीची खुंटीही काही फेरे बसते आणि मूळ आटे नासून जातात. खुंटी तिरकी बसलेली दिसली, किंवा तिच्या बुडाशी जळल्याचे काळे डाग दिसले, तर वायू तिथून निसटतो आहे. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा.

आता घोडा. रिकाम्या रायफलीचा घोडा अर्धा मागे ओढला की तो एका खाचेत अडकतो. ही सुरक्षित जागा. इथे चाप दाबूनही घोडा पडता कामा नये. पूर्ण मागे ओढल्यावर अंगठ्याने पुढे हलका दाब दिला तरी तो सुटता कामा नये. हे करताना अंगठा घोड्यावरून काढू नका. निपलवर घोडा रिकामा आपटू देऊ नका, तोंड चपटे होते. दोन चापांची रायफल असल्यास मागचा चाप ताण चढवतो आणि पुढचा बार सोडतो. चकमकीच्या रायफलीत ठिणग्या भरपूर आणि पांढऱ्या पडतात का, हे मालकाला करून दाखवायला सांगा.

दस्त्याचे लाकूड मनगटापाशी, म्हणजे हाताने धरण्याच्या बारीक भागात, आणि नळीच्या शेपटीमागे तडकलेले असते. तिरक्या उजेडात पाहा. स्वस्त मालात बीचसारख्या लाकडाला अक्रोडाचा रंग दिलेला असतो. त्यात गैर काही नाही, फक्त अक्रोडाचे पैसे देऊ नका. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अर्धवट घडवलेले भाग पेटीत घालून विकत आणि लोक घरी जोडत. अशा घरी जोडलेल्या रायफली स्वस्त मिळतात. नळी कारखान्याची आणि शिक्क्याची असेल, जोडणारा हात नीट असेल, तर त्या पैशांना वाजवी असतात.

गुंतवणूक म्हणून?

स्पष्ट सांगायचे तर, नाही. या वस्तू हजारोंच्या संख्येने बनल्या आणि आजही बनत आहेत. समजा १९८० साली कुणी २०० डॉलरला एक रायफल घेतली. नुसती महागाई भरून निघायची तर २०२० साली ती ६०० डॉलरच्या वर विकली जायला हवी होती. सर्वसाधारण वापरलेल्या प्रतिकृतीला तेवढे मिळणे कठीण, आणि मधल्या चाळीस वर्षांत त्या पैशांवर काही मिळकतही नाही. दुकानदाराला विकली तर तो आपला नफा ठेवूनच भाव देणार. घरगुती वापराच्या वस्तूत आलेला तोटा आयकरातून वजा होत नाही, हेही लक्षात असू द्या. उत्पादन बंद झालेले, उत्तम अवस्थेतले, मूळ पेटी आणि कागदांसह असलेले थोडे नग भाव राखतात. बाकीच्यांतून मिळतो तो आनंद. तेवढ्यासाठी परवडतील इतकेच पैसे घाला. मुलांच्या कॉलेजचा किंवा निवृत्तीचा पैसा त्यात नको.

घराच्या विम्याची पॉलिसी काढून पाहा. बंदुकांच्या चोरीची भरपाई बहुधा ठराविक रकमेपुरतीच असते. चार-पाच रायफली असतील तर वेगळी नोंद करावी लागते.

कायदा आणि आपला व्हिसा

१९६८च्या संघीय कायद्यानुसार, काळ्या दारूवर चालणारी आणि तयार काडतूस न घेणारी ठासणीची प्रतिकृती ‘फायरआर्म’ या व्याख्येत येत नाही. त्यामुळे बऱ्याच राज्यांत ती पोस्टाने घरी येते. मात्र आधुनिक बंदुकीच्या सांगाड्यावर बसवलेली किंवा सहज काडतुसी करता येणारी बंदूक या सवलतीत बसत नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात. न्यू जर्सीत ओळखपत्राशिवाय विक्रेते माल पाठवत नाहीत.

एच-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी अधिक जपावे. १९९८पासून तात्पुरत्या व्हिसावरच्या बहुतेकांना, काही अपवाद वगळता, बंदूक बाळगण्यास संघीय मनाई आहे. प्रतिकृती त्या व्याख्येबाहेर असली तरी राज्याचा कायदा तिला बंदूक मानू शकतो, आणि शस्त्रांसंबंधीचा गुन्हा ग्रीन कार्डाच्या वाटेत आडवा येऊ शकतो. घेण्याआधी वकिलाला विचारण्याची फी ही सर्वांत स्वस्त बाब समजा. भारतात नेण्याचा विचारही करू नका. तिथे ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्रपरवाना लागतो. विमानाच्या सामानात काळी दारू आणि केपा कुठल्याही बॅगेत चालत नाहीत.

प्रकृती आणि घरातली मुले

फक्त काळी दारू किंवा तिच्यासाठी बनवलेला पर्यायच वापरायचा. आधुनिक काडतुसांतली बिनधुराची दारू चिमूटभरही नको, तिने नळी फुटते. दारू मोठ्या डब्यातून थेट नळीत ओतू नये. आधीच्या बाराची ठिणगी तळाशी असली तर सगळा डबा पेटेल. मापात घ्यावी आणि मापाने ओतावी. एका पौंडात सात हजार ग्रेन येतात. सत्तर ग्रेनच्या बाराने शंभर बार होतात, तेव्हा घरात एक डबा पुरे. तोही मूळ डब्यात, स्वयंपाकघर आणि भट्टीपासून दूर, कुलपात.

गोळी शुद्ध शिशाची असते. शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे. तळघरात शिसे वितळवून गोळ्या पाडण्याचा उद्योग लहान मुले किंवा गरोदर बाई असलेल्या घरात करू नये. हात धुतल्याशिवाय खाऊ नये, आणि ते कपडे वेगळे धुवावेत. बाराचा आवाज एकशे चाळीस डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात बोळे आणि डोळ्यांना चष्मा प्रत्येक वेळी हवा.

शेवटी एक विनंती. आपली पिढी आता साठी-सत्तरीकडे झुकली आहे. उद्या पत्नी किंवा मुले तळघर आवरायला बसतील तेव्हा त्यांना यातले काही ठाऊक नसेल. प्रत्येक रायफलीसाठी एक कागद मराठीत किंवा इंग्रजीत लिहून पेटीत ठेवा. त्यात कुणी बनवली, शिक्क्यावरचे साल कोणते, किती डॉलरला कधी घेतली, पीळ आणि कॅलिबर काय, आणि ‘नळी रिकामी आहे’ हे तारीख घालून नोंदवा. ज्यांना अजून हौस नुकतीच लागली आहे त्यांनी इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी जावे. तिथे १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी-बंदूक संघटनेच्या स्पर्धा भरतात. तिथे दहा रायफली हातात घेऊन पाहिल्या की अकराव्या रायफलीचा भाव आपोआप कळू लागतो.